खिशातला रोटर

१

बाबांची सकाळ ठरलेली असायची. चहा, दाढी, पेपर, आणि बसला निघण्याआधी शेडमध्ये एक फेरी. बोनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा टक्‌ टक्‌ करून सोडायच्या, टोपण बाजूला करायचं आणि आतला रोटर दोन बोटांनी सरळ वर उचलून शर्टाच्या खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. इंजिनाबरोबर गरगर फिरत चारी प्लगना ठिणगी वाटून देणं एवढंच त्याचं काम. पण तो नसला की आख्खी गाडी नुसतं शोभेचं लोखंड.

“चोरांची भीती नको,” असं ते म्हणायचे.

त्या गल्लीत चोरी झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि ती गाडी न्यायची तर चोराला आधी चार माणसं धक्का मारायला आणावी लागली असती. शिवाय बाबा स्वतः ऑफिसला बसने जायचे. म्हणजे दिवसभर गाडी घरी, रोटर बाबांच्या खिशात, आणि गाडी चालवता येणारी आई स्वयंपाकघरात. चोर कोण, हे त्यांच्या मुलीला वयाच्या चौदाव्या वर्षी कळलं. त्याच वर्षी तिने आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करून टाकली, की आपली आई भित्री आहे. तसं तिने एकदा आईला तोंडावर सुनावलंही होतं. आई तेव्हा भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

बाबा गेले तेही ऑफिसातून परतल्यावर, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, अंगात बाहेरचे कपडे तसेच. रडारड, फोन, माणसं, धावपळ. त्या सगळ्यात त्यांचा खिसा बघायचं कुणालाच सुचलं नाही. शर्टासकट रोटरही गेला.

आठ महिन्यांच्या ठकीला आणि नवऱ्याला घेऊन ती आईच्या सोबतीला राहायला आली, तेव्हा गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. कुणाला काही वाटलं नाही.

२

वाटलं ते महिन्याभराने, भर दुपारी.

ठकीला सकाळपासून कणकण होती. दोनच्या सुमाराला तिचे डोळे एकाएकी वर गेले, मुठी आवळल्या आणि ते एवढंसं अंग लाकडासारखं ताठ झालं. नवरा कामावर. आई “अगं, अगं” एवढंच म्हणत होती. आईला तिथेच सोडून ती पोरीला छातीशी धरून शेडमध्ये धावली, किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला. पुन्हा घरघरला. इंजिन काही पेटेना. तिसऱ्या वेळी तिला खिसा आठवला, आणि मेलेल्या माणसाला देऊ नये अशी शिवी तिने बापाला दिली.

दोन घरं पलीकडचे म्हातारे डॉक्टर बनियनवरच धावत आले म्हणून निभावलं. ठकी शुद्धीवर आली, रडली, दूध प्यायली. डॉक्टर म्हणाले, “तापाची आकडी दिसतेय. बहुतेक मुलं त्यातून बाहेर पडतात. पण मोठ्या हॉस्पिटलात डोक्याची तपासणी करून घ्या. वेळ मी मिळवून देतो. आणि ती चुकवू नका हं, पुन्हा मिळायला महिने लागतात.”

वेळ मिळाली ती अठरा दिवसांनंतरची. चार वाजता.

तेव्हापासून तिला झोप नव्हती. ठकीच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास तपासायची. स्वतःच्या घाबरटपणाचं तिला हसूही यायचं. रजेवर जाण्याआधी शाळेत ती मुलांना विज्ञान शिकवायची, ‘आधी निरीक्षण, मग निष्कर्ष’ असं फळ्यावर लिहायची. आता निरीक्षण तेवढं उरलं होतं, चोवीस तास.

“गाडी मी दुरुस्त करणार,” ती नवऱ्याला म्हणाली.

“तू?”

“लहानपणी बॅटरी कोण धरायचं त्यांच्यासाठी? मीच. सगळं पाठ आहे मला.”

“कर बाई. मी घरजावई, माझं कोण ऐकतंय,” नवरा म्हणाला आणि ठकीच्या पोटावर तोंड लावून फुर्रर्र केलं. ठकी खदखदून हसली.

३

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने रोटर कुरियरने पाठवला. तिने तो बसवला, ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिशपेपरने घासले, त्यांच्यात मापाची पातळ पट्टी घालून फट मोजली. गाडी सुरू झाली. खोकत, पण झाली. शेडमध्ये निळा धूर भरला आणि तिला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नुसता स्टार्टर घरघरला. टोपण उघडलं, तर रोटर नाही.

ती तिथेच स्टुलावर बसली. शांतपणे विचार करायचा, असं तिने स्वतःला बजावलं. गेल्याच आठवड्यात आपण मोबाइल फ्रीजमध्ये ठेवला होता. ठकीचा डायपर तिच्याऐवजी जवळजवळ उशीला घातला होता. तेव्हा आपणच रोटर काढून कुठेतरी ठेवला असणार, हे उघड आहे. सवय बघून बघून हातात उतरते.

तिने झग्याचे खिसे बघितले, कपाटं बघितली, फ्रीजसुद्धा बघितला. मग आईकडे गेली.

“आई, तू काढलास का गं?”

आई भाजी निवडत होती. “मी त्या बोनेटला कधी हात लावलाय?”

“नाही, पण…”

“मग?”

काय हरवलंय हे आईने विचारलंदेखील नाही, हे तिला नंतर, ठकीला आंघोळ घालताना जाणवलं.

४

दुकानदार फोनवर हसला. “ताई, रोटर काय खाता का? हा दुसरा पंधरा दिवसांत.”

दुसरा रोटर बसवल्यावर तिने नेलपॉलिशची बाटली आणली. क्लिपांवर आणि टोपणाच्या सांध्यावर लाल रेघ ओढली. कुणी टोपण उघडलं तर रेघ तुटणार. परीक्षेच्या पेपरांचं पाकीट सील करताना जसं जपून करतात, तसं केलं. वरून फोटो काढला. नवरा बघत होता. त्या रात्री त्याने ठकीला आपल्या बाजूला झोपवलं. ते तिला लागलं.

सकाळी नवरा कामावर गेल्यावर ती शेडमध्ये गेली. रेघ होती तशीच होती. फोटोशी ताडून बघितली. कुठे केसभरही तडा नाही.

हायसं वाटून तिने किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, घरघरला.

तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नेलपॉलिश खरवडलं, क्लिपा सोडल्या. आतला दांडा उघडाबोडका उभा होता. त्याच्या टोकाला तेलाचा थेंब होता. बाबा रोटर काढल्यावर तिथे नेहमी एक थेंब सोडायचे, गंज धरू नये म्हणून.

नेलपॉलिश गुळगुळीत पृष्ठभागावर नीट धरत नाही, ती स्वतःला म्हणाली. गरम झालं की सुटतं, थंड झालं की पुन्हा चिकटतं. तेल खालून वर चढलं असेल. वाक्यं बरोबर होती. ती तिने मोठ्याने म्हणून पाहिली, तर शेडमध्ये ती भलत्याच कुणाला तरी समजावतेय असं ऐकू आलं. तिने बोलणं थांबवलं.

ठरलेल्या वेळेला पाच दिवस उरले होते.

५

“मग रोटरच नको,” दुकानदार म्हणाला. “नवीन सिस्टिम बसवा. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दात्यांचं चाक येतं, समोर सेन्सर. तो दाते मोजतो आणि कॉइल थेट प्लगला ठिणगी देते. पॉइंट नाही, रोटर नाही, डिस्ट्रिब्युटरच काढून फेकायचा. काढण्यासारखं काही उरतच नाही.”

“हेच हवंय मला,” ती म्हणाली. जरा जास्तच जोरात.

रविवारी दोघं कामाला लागली. आई ठकीला घेऊन दारात बसली. नवऱ्याने पुली खोलली, तिने चाक बसवलं, सेन्सर आणि दाते यांच्यात बरोबर एक मिलिमीटर फट ठेवली. डिस्ट्रिब्युटर उपटून काढला तेव्हा दाढ निघाल्यासारखं वाटलं. त्या भोकावर तिने पत्र्याची चकती बसवून दोन बोल्ट आवळले. आवळले म्हणजे काय, नवरा म्हणाला, “अगं, पुरे, आटे जातील.”

“जाऊ देत.”

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. खोकली नाही, थरथरली नाही. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकलाच नव्हता, सलग आणि मऊ. नवऱ्याने काळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

“बघ आई!” ती ओरडली. तिला फार दिवसांनी जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि जिंकलेल्या माणसाला कुणाचा तरी पराभव बघायचा असतो. “आता म्हणावं, घ्या काढून काय काढायचंय ते. काही ठेवलंच नाही काढण्यासारखं.”

आईने ठकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“मग ते दुसरं काहीतरी काढतील,” ती म्हणाली. संध्याकाळी भाजी कुठली करायची, एवढ्याच सुरात.

नवरा हसला. त्याला तो विनोद वाटला.

६

बुधवारी चारची वेळ. नवरा दुपारी सुट्टी घेऊन येणार होता. सोमवारी सकाळीच तिने एक फेरी मारून पाहायचं ठरवलं. उगाच ऐनवेळी धांदल नको. ठकीला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं. या घरी आल्यापासून ठकी फाटकाबाहेर पडलीच नव्हती. आधी सर्दी, मग ताप, मग ते सगळं.

शेडपासून फाटकापर्यंत पंधरा-वीस पावलांचा रस्ता. गाडी इतकी शांत चालत होती की मागे ठकीचं “अबू, अबू, अबू” स्पष्ट ऐकू येत होतं. पुढची चाकं फाटकाच्या लोखंडी पट्टीवरून बाहेर उतरली. मग मागची उतरली.

‘अबू’ अर्ध्यात थांबलं.

तिने आरशात बघितलं. ठकी डोळे उघडे ठेवून बसली होती. ताठ झाली नव्हती, डोळे वर गेले नव्हते, ताप नव्हता. नुसती थांबली होती. आरशात तिच्या छातीजवळ, झबल्याच्या बटणांवर, दोन बोटं होती. जाड, नखांत ग्रीस. ती काहीतरी सरळ वर उचलत होती. ओढाताण न करता, हलक्या हाताने.

तिने गाडी मागे घेतली. फाटकाचा खांब बाजूला खरवडत गेला. पट्टी ओलांडून आत येताच मागून “बू” ऐकू आलं, जणू अर्ध्यात ठेवलेला शब्द कुणी परत दिला.

ती धडपडत उतरली, मागचं दार उघडलं. ठकीने तिच्याकडे बघून पाय हलवले. खुर्चीत दुसरं कुणी नव्हतं. ओठ किंचित निळे होते, बघता बघता गुलाबी झाले.

धूर, ती म्हणाली. सायलेन्सरचा विषारी वायू आत येतो, जुन्या गाड्यांत होतं असं. बोटं म्हणजे पट्ट्यांची सावली. तिने इंजिन बंद केलं. पोरीला उचललं, मोकळ्या हवेत दहा मिनिटं उभी राहिली. मग तिने जे केलं, त्याबद्दल पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. पण एकदाच पाहिलेल्या गोष्टीला निष्कर्ष म्हणत नाहीत, असं ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत आली होती. तिने ठकीला कुशीत घेतलं आणि चालत फाटकापर्यंत गेली. एक पाऊल पट्टीपलीकडे टाकलं.

कुशीतलं ऊबदार ओझं होतं तेवढंच राहिलं. फक्त त्यात काही चालू नव्हतं.

ती उलट फिरली. आईने दारातून हे सगळं बघितलं होतं. धावत यावं तशी ती आली नाही. सावकाश आली, ठकीला हातात घेतलं, पाठीवर थोपटलं.

“चल आत,” आई म्हणाली. “चहा घे.”

७

चहा समोर निवत राहिला.

“मला एकदा मिळाला होता दुसरा रोटर,” आई म्हणाली. “माझ्या भावाने आणून दिला होता, गुपचूप. तू नऊ महिन्यांची होतीस. बॅग भरली, तुला मागे निजवलं आणि निघाले. फाटकापर्यंत गेले.”

“आणि?”

“आणि काय. तुझ्या हातात आत्ता होतं ना, तसंच. तेव्हा तर ते जिवंत होते, ऑफिसात बसले होते.” आईने ठकीची मूठ सोडवून आपलं बोट तिच्या मुठीत दिलं. “संध्याकाळी आले. मी काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. खिसा तेवढा चाचपला.”

“मग मी बाहेर कशी पडले? शाळा, कॉलेज, लग्न? मी तर कुठेही जायचे.”

“विचारून.”

“मी कधी विचारलं नाही त्यांना. काहीच नाही. तू बघितलंयस.”

“तू दप्तर भरायचीस ना, तेव्हा मी आत जाऊन विचारायचे. रोज. सहलीला, परीक्षेला, मैत्रिणीकडे. लग्न ठरलं तेव्हा तर चार महिने विचारत होते.”

चौदाव्या वर्षी आपण म्हटलेलं वाक्य तिला शब्दान्‌शब्द आठवत होतं, आणि आईला आठवत नसेल अशी आशा करायलाही जागा नव्हती.

“आणि तू?” शेवटी तिने विचारलं. “स्वतःसाठी का नाही विचारलंस कधी?”

“एका वेळी एकीचंच विचारता यायचं,” आई म्हणाली. “दोघींचं म्हटलं की नाही म्हणायचे.”

नवऱ्याला सांगायचं तिने मनात दोनदा जुळवून पाहिलं. दोन्ही वेळा गोष्ट त्याच्या तोंडावरच्या काळजीशी येऊन थांबली. ती काळजी ठकीची नव्हती. बायकोच्या डोक्याची होती, त्या रात्री ठकीला आपल्या बाजूला झोपवताना होती तशीच.

बुधवारी दुपारी, तो यायच्या आधी, ती शेडमध्ये गेली. बोनेट उघडं टाकून पुढे उभी राहिली. नवीन वायरी स्वच्छ, पत्र्याची चकती चकचकीत. एवढी शिकलेली बाई इंजिनाशी बोलायला उभी आहे, हे कुणी बघितलं तर, असा विचार आलाच. मग तोही गेला.

“ठकीला हॉस्पिटलात न्यायचंय,” ती म्हणाली. “नेऊ दे?”

काही नाही. पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

“चारची वेळ आहे. डोक्याची तपासणी. पुन्हा मिळायची नाही.” आवाज आपोआप खाली आला होता. “दोन तासांत परत येईल. तिचा बाबा नेईल. बाहेर कुठे थांबणार नाहीत.” आणि मग, कुणी विचारल्यासारखं, तिने घाईघाईने पुढे म्हटलं, “मी नाही जात. मी आहे घरी.”

उत्तर मिळालं की नाही, हे ती शपथेवर सांगू शकली नसती. घरात ठकीने झोपेत एक लांब सुस्कारा टाकला, तो मात्र तिला शेडपर्यंत ऐकू आला.

“तू येत नाहीस?” नवऱ्याचा विश्वासच बसेना. “इतके दिवस जीव टाकलास, गाडी उघडून पसरलीस, आणि आता येत नाहीस?”

“डोकं दुखतंय. आईपण एकटी आहे.”

“कमाल आहे तुझी.” त्याने दार आपटलं. आपटण्यात राग होता, आणि थोडी सुटकाही होती. तिला ती ऐकू आली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ती फाटकाच्या आत, पट्टीच्या अलीकडे उभी राहिली. पुढची चाकं उतरली, मागची उतरली. मागच्या काचेतून ठकी दिसत होती. ठकी तिच्याकडे बघून, तोंड वाकडं करून, पूर्ण आवाजात रडत होती. गल्लीच्या टोकाला गाडी वळेपर्यंत ते रडणं येत राहिलं, आणि इतकं गोड काही तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सव्वापाचला फोन आला. सगळं ठीक होतं. तपासणीत वावगं काही नाही. आता तीन महिन्यांनी एकदा दाखवायचं, लस पुढच्या आठवड्यात. “गाडी काय चाललीय म्हणून सांगू!” नवरा म्हणाला. राग गेला होता. “तू यायला हवं होतंस.”

“हो,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती आईसमोर जाऊन बसली. पुढचा आठवडा. मग तीन महिने. मग पाळणाघर, बालवाडी, शाळा. ती बोटांवर मोजायला लागली आणि दुसऱ्या हातावर आल्यावर थांबली.

आईने तिच्याकडे बघितलं, आणि निवडलेली भाजी चाळणीत ओतली.

“पुढच्या वेळी सकाळी विचार,” ती म्हणाली. “चहा झाल्यावर. तेव्हा जरा बरे असतात.”